सावली झाडाची, डाग गाडीचे

ऊन तापू लागले की गाडी असलेला प्रत्येक जण सावली शोधतो. ऑफिसबाहेर, सोसायटीत, शाळेच्या फाटकापाशी झाडाखालची जागा पटकावण्यासाठी चढाओढ लागते. गाडी आतून तापत नाही, सीटचा चटका बसत नाही, हे खरेच. पण संध्याकाळी पाहावे तर टपावर आणि बॉनेटवर चिकट थेंब! पहिल्या दिवशी ते पाण्यासारखे दिसतात, म्हणून दुर्लक्ष होते. आठवडाभरात त्यावर धूळ बसून त्यांचे खडे होतात. मग घरातले कुणीतरी भांड्यांची घासणी घेऊन गाडीकडे निघते आणि डाग निघाला तरी रंगावर कायमचे ओरखडे उमटतात.

आजकालच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. गाडीची चमक त्या थराची. त्याची जाडी डोक्यावरच्या केसाहूनही कमी भरते. उन्हात हा थर थोडा मऊ होतो आणि वर वाळत असलेला चीक आकसत जाताना त्याला ओढ देतो. म्हणून डाग जितका जुना, तितकी त्याची खूण खोल. चीक दिसला त्याच दिवशी पुसला, तर बहुतेक वेळा साबणाच्या पाण्यावर काम भागते.

थेंब कशाचा, ते आधी पाहा

झाडाखालचा प्रत्येक चिकट थेंब सारखा नसतो आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही. गाडी कोणत्या झाडाखाली उभी होती, हे आठवले तर निम्मे काम झाले.

बाभूळ, कडुनिंब, शेवगा यांच्या खोडातून येतो तो डिंक. तो पाण्याने फुगतो किंवा विरघळतो. कोमट पाण्यात भिजवलेले जाड फडके त्यावर दहा मिनिटे ठेवावे. डाग मऊ पडून सहज निघतो.

वड, पिंपळ, उंबर, फणस आणि चाफा यांचा चीक दुधासारखा पांढरा असतो आणि वाळला की रबरासारखा होतो. पाण्याला तो दाद देत नाही. फणस चिरताना हाताला आणि विळीला तेल लावतात, तोच उपाय इथे चालतो. थोडे खोबरेल किंवा गोडे तेल लावून पाच-दहा मिनिटे थांबावे, मऊ कापडाने पुसावे आणि तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुऊन टाकावा.

चीड आणि देवदार यांच्यातून गळते ती राळ. मनाली, मसुरी किंवा नैनितालच्या सहलीहून परतलेल्या गाड्यांवर पिवळसर, काचेसारखे कडक ठिपके दिसतात ते हेच. डागांत सर्वांत हट्टी राळच. तिला स्पिरिट किंवा टर्पेंटाइन लागते. गंमत म्हणजे टर्पेंटाइन चिडाच्या राळेपासूनच काढतात. म्हणजे काट्याने काटा काढण्यातला प्रकार!

चौथा प्रकार झाडाचा नाहीच. मोहोर आलेल्या आंब्याखाली गाडीवर जे बारीक चिकट शिंतोडे पडतात, ते बहुधा तुडतुड्यांनी टाकलेला गोड रस असतो. मावा आणि पिठ्या ढेकूण हे किडेही असाच रस टाकतात. त्यात साखर असते, म्हणून ताजा असताना तो कोमट पाण्याने धुतला जातो. तसाच राहू दिला तर त्यावर काळी बुरशी चढते आणि गाडी काजळी धरल्यासारखी दिसू लागते.

डाग काढायची रीत

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या पत्र्यावर साबण किंवा स्पिरिट लगेच वाळते आणि नवेच डाग पडतात. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. धुळीसकट पुसणे म्हणजे पॉलिश पेपरने घासण्यासारखेच. मग बादलीभर कोमट पाण्यात गाडीचा शाम्पू घालून मऊ कापडाने धुवावे.

एवढ्याने डाग निघाला नाही तर औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. २०२० च्या साथीपासून घरोघरी आलेले अल्कोहोलचे सॅनिटायझरही चालते. मात्र आधी दाराच्या आतल्या कडेवर, सहज न दिसणाऱ्या जागी, एक थेंब लावून पाहावा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबावे. जुन्या गाड्यांवरचा ड्यूको रंग किंवा गॅरेजमध्ये नुकताच मारलेला रंग स्पिरिटने सुटू शकतो.

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून डागावर अर्धा मिनिट नुसता टेकवून ठेवावा. घासू नये. डाग मऊ झाला की बोळा एकदाच, एका दिशेने ओढून घ्यावा आणि पुढच्या वेळी नवा बोळा घ्यावा. जुना डाग दोन-तीन खेपांत निघतो. काम झाल्यावर ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि त्यावर मेणाचे पॉलिश लावावे, कारण स्पिरिटने तिथले आधीचे मेण निघून गेलेले असते.

काचेवरचा चीक वायपर चालवून काढायला जाऊ नये. तो सगळ्या काचेवर फासला जातो, रबराला चिकटतो आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात रस्ता दिसेनासा होतो. काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून, दाढीचे नवे पाते आडवे धरून डाग उचलावा. पाते फक्त काचेवर चालते, पत्र्यावर कधीही नाही.

चालते घर असेल तर

कॅराव्हॅन किंवा मोटरहोम भाड्याने घेऊन सहकुटुंब फिरण्याची हौस आता आपल्याकडेही रुजते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. अशी गाडी उंच असते आणि मुक्काम बहुधा झाडीतच पडतो. टपावर साचलेला चीक खालून दिसत नाही, पाऊस पडला की बाजूंवरून ओघळतो आणि गाडी परत करताना अनामत रकमेवरून वाद होतो.

या गाड्यांत एकाच अंगावर अनेक जिन्नस असतात आणि प्रत्येकाचे पथ्य वेगळे. फायबर ग्लासच्या भागांवर वरची रीत चालते. पण बऱ्याच मोटरहोमच्या खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात. त्यांना स्पिरिट, पेट्रोल किंवा थिनर लागला तर बारीक तडे जातात आणि खिडकी बदलण्यावाचून इलाज उरत नाही. तिथे गोडे तेल आणि साबणाचे कोमट पाणी, एवढेच वापरावे. टपावर रबराची चादर असेल, तर रॉकेल आणि टर्पेंटाइन तिच्यापासून दूर ठेवावे. रंगीत स्टिकरच्या कडांवरही स्पिरिट ओतू नये, गोंद सुटतो. टपावर चढावे लागले, तर शिडी कुणीतरी धरून ठेवावी. ओल्या टपावर साबणाचा पाय घसरला तर गाडीपेक्षा महागात पडते.

हे मात्र टाळा

तारेची घासणी, चाकू, नखे, नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना गाडीच्या रंगाजवळ येऊ देऊ नये. रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरायचेच झाले तर थोडे, कापसाने, मोकळ्या हवेत वापरावे. जवळपास शेगडी, उदबत्ती, सिगारेट काहीही पेटते नसावे. भिजलेली फडकी डिकीत कोंबू नयेत, उघड्यावर पसरून वाळवावीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उरलेले रॉकेल किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. सुट्टीच्या दिवसांत तहानलेले मूल दिसेल ती बाटली तोंडाला लावते. असे घडलेच, तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरले की धोका वाढतो. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि बाटलीही सोबत घ्यावी.

झाडाला शिक्षा नको

सोसायटीच्या सभेत दरवर्षी कुणीतरी उठून म्हणतो, ‘गाड्या खराब होतात, हे झाड काढून टाकू या.’ महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी पालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करावा. पंधरा मिनिटांच्या धुण्यासाठी पन्नास वर्षांची सावली घालवणे कुणाच्याच हिताचे नाही.

त्यापेक्षा सोपा मार्ग असा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखालची जागा टाळावी किंवा गाडीवर सुती कापडाचे आच्छादन घालावे. तीन-चार महिन्यांतून एकदा मेणाचे पॉलिश करावे, म्हणजे चीक रंगाला घट्ट धरत नाही. गाडीत एक लहान बाटली साबणाचे पाणी आणि दोन मऊ फडकी ठेवावीत आणि थेंब दिसला की घरी पोचण्याआधीच पुसून टाकावा.