नोंद कशाची?

आमच्या मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे. तळाशी गाई कोरलेल्या. म्हणजे गुरे सोडवताना कोणी पडला असावा. कोण, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. आपली माणसेही अशीच बिननावाची होणार काय?

१९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू २१ दिवसांत कळवावा लागतो. आमच्या आळीतली सुईणआजी वारली, तेव्हा व्यवसाय म्हणून 'घरकाम' लिहिले गेले! अर्ध्या गावाची नाळ तिने कापली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जाई, आणि हजेरी चुकवणाऱ्या मुकादमाला सर्वांदेखत फैलावर घेई. हे कोणत्या रकान्यात बसवायचे? पुढाऱ्याच्या दशक्रियेला भाषणे होतात. हिच्या दहाव्याला कावळा शिवेपर्यंत बायका बोलल्या, तेवढेच.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खड्डे खणतो. खुशाल खणावेत. पण एक दिवस वही घेऊन म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसावे. गेलेल्या प्रत्येक माणसाला एक पान. कुणाचे कर्ज, कुणाचे भांडण, कुणाचा भजनातला गळा, सगळे लिहावे. नुसता गुणगौरव नको. कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिलाच, तेव्हा हे काम माझ्यासारख्यांचेच. तो दुष्काळ अंगावर काढलेली आमच्या आळीत आता चारच माणसे उरली आहेत.