एक प्रत जास्तीची

मूल सारखे अडखळते, पळताना पडते, पायातल्या चपला टिकत नाहीत. घरचे म्हणतात धांदरट आहे. शाळेत म्हणतात लक्ष नाही. अशा काही मुलांत दोष असतो तो पायापर्यंत जाणाऱ्या नसांच्या वेष्टनाचा.

हे वेष्टन म्हणजे मायलिन. गर्भात चेतातंतू हातापायांकडे वाढू लागतात तेव्हा श्वान पेशी त्यांच्यासोबत सरकत जातात. तंतूवरचे न्यूरेग्युलिन हे प्रथिन त्यांना इशारा देते. तो पुरेसा मिळाला की ईजीआर२ हे जनुक जागे होते आणि पी-झिरो, पीएमपी२२ अशी वेष्टनाची प्रथिने तयार होऊ लागतात. मग एकेक पेशी तंतूच्या एकेका तुकड्याला वेढे घालत राहते. जन्मानंतरही हे काम चालूच असते.

पीएमपी२२ चा मायलिनमधला वाटा तसा किरकोळ. पण सतराव्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकाच्या दोनाऐवजी तीन प्रती झाल्या, तर शार्को-मारी-टूथ आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार उद्भवतो. एकच प्रत असेल तर दुसराच आजार: पायावर पाय टाकून बसल्याच्या दाबानेही पाऊल काही काळ लुळे पडू शकते. दोन्हींत प्रथिन धडधाकट, चुकते ते फक्त माप. आजाराचे वर्णन १८८६ चे, तीन प्रतींचा उलगडा मात्र १९९१ चा.

यावर मूळ बरे करणारा उपचार अजून नाही. मग निदानाची घाई कशाला, असे म्हटले जाते. आम्हाला ते मुळीच पटत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात नेहमी वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टिन हे औषध या रुग्णांचे हातपाय मोजक्या डोसांतच लुळे करू शकते. कर्करोगाच्या उपचारात हा आजार उघडकीस आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. आधी कुणी विचारलेच नव्हते!

विचारायचे तरी किती? तळव्याची कमान उंच आहे का, पायाची बोटे वाकडी आहेत का, आईवडिलांपैकी कुणाचे पाय असेच आहेत का. बाधित पालकाकडून हा दोष प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. शंका आली तर नर्व्ह कंडक्शन चाचणी करावी. हाताच्या नसेतला वेग सेकंदाला पन्नासेक मीटर असायला हवा. या आजारात तो ३८ च्या खाली जातो. व्हिन्क्रिस्टिनची पहिली सुई देण्यापूर्वी केसपेपरवर या तीन प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असावीत, आणि त्यासाठी मुलाचे मोजे काढून पाहावेत.