नाव नसलेले क्रोटन

आमच्या चाळीच्या जिन्यापाशी तेलाच्या डब्यात एक क्रोटन आहे. सासूबाईंनी लावलेले. त्या गेल्या, डबा गंजला, झाड मात्र उभे आहे. पान लांब, पिळदार; मधेच पात संपून नुसती शीर उरते आणि टोकाला पुन्हा पान लोंबते. नर्सरीत विचारले, जात कुणालाच सांगता आली नाही.

या झाडाचे शास्त्रीय नाव कोडिअम व्हेरिगेटम. याच्या शेकडो जाती आहेत. अनेक जातींत कोवळे पान हिरवे-पिवळे, जून पान लाल. सावलीत रंग फिका. म्हणून जात ओळखायची तर उन्हातले जून पान पाहावे. आकार, शिरांचा रंग, ठिपके लिहून ठेवावेत. नाव कळले नाही तर मनाने ठेवू नये. कुणाकडून आले तेच पाटीवर लिहावे.

बी लावून हीच जात मिळत नाही, फांदीच लावावी लागते. पावसाळ्यात शेंड्याची वीतभर फांदी कापावी. चीक अंगाला लागू देऊ नये, खाज सुटते. तो पुसून, खालची पाने काढून फांदी ओल्या वाळूत खोचावी व सावलीत ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात.

आता आमची चाळ पडणार आहे. म्हणून आम्ही तीन फांद्या तीन घरी दिल्या. एक झाड गेले तरी दोन राहतील. पाटीवर लिहिले आहे : ‘सासूबाईंचे क्रोटन’.