फोटोखाली दोन नावं

चौकटीबाहेर (साप्ताहिक सदर)

परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं आणि सेमाडोह मागे टाकलं की कोलकास येतं. मेळघाटात वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही. कोलकासला हत्ती मात्र दिसतो. म्हणून अमरावती-अकोल्यातल्या कितीतरी मोबाइलमध्ये इथल्या हत्तिणी आहेत. हौद्यात बसलेली पोरं, सोंडेपाशी अंग चोरून उभी राहिलेली वहिनी, मागे सागाची झाडी. पायातली साखळी या फोटोंत नसते, कारण चौकट गुडघ्यावरच संपवलेली असते. माहूतही नसतो, कारण ‘दादा, जरा बाजूला व्हा ना’ म्हणून त्याला आपणच बाजूला काढलेलं असतं.

याच्या अगदी उलट असा दुसरा फोटो असतो. त्यात फक्त साखळी, घट्टा पडलेला पाय आणि ओला डोळा. तो बघून लोक हळहळतात आणि पुढे पाठवतात. पण माहूत त्यातही नसतो. असलाच तर अंकुश धरलेला एक हात तेवढा दिसतो. पहिल्या फोटोत माणूस अडचणीचा ठरतो, दुसऱ्यात आरोपी. माझं म्हणणं सरळ आहे. बंदिवासातल्या जनावराचा फोटो त्याला सांभाळणाऱ्या माणसाशिवाय काढला, तर तो अर्धा राहतो, आणि अर्ध्या फोटोवर लोक पूर्ण निकाल देऊन मोकळे होतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचं प्रकरण आठवा. 16 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात हलवायला सांगितलं, 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला आणि हत्तीण गेली. त्या पंधरवड्यात महाराष्ट्राने दोन तऱ्हेचे फोटो पाहिले. एकीकडे तिच्या जखमा आणि बिघडलेले पाय, दुसरीकडे निरोपाच्या मिरवणुकीत धाय मोकलून रडणारं गाव. दोन्ही खरे होते. पण जखमवाल्यांना गावाचं रडणं नाटक वाटलं आणि रडणाऱ्यांना जखमा बनावट वाटल्या. तीन दशकांहून अधिक काळ मठात राहिलेल्या जनावराचं रोजचं जिणं, म्हणजे कोण उठवतो, कोण धुतो, पाय कोण बघतो, हे दाखवणारे फोटो त्या गदारोळात कुठे फारसे दिसले नाहीत. ते असते, तर निदान भांडण मुद्द्यावर झालं असतं.

असे फोटो का निघत नाहीत? एक कारण तांत्रिकही आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. काळा हत्ती चौकटभर आला की ते उजेड वाढवतं आणि हत्ती राखेत लोळल्यासारखा येतो. म्हणून जाणकार एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली घेतात. पण मानेवर बसलेल्या माहुताच्या मागे असतं पांढरं फटक आभाळ. एक्स्पोजर खाली घेतलं की त्याचा सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. वर घेतलं तर आभाळ जळतं आणि हत्तीची कातडी फिकी पडते. सगळे हत्ती वाचवतात, माणूस अंधारात जातो. उपाय अवघड नाही. माहुताला खाली उतरायची विनंती करा, हत्तीच्या कानाजवळ सावलीत उभं राहू द्या, आपण बसून डोळ्यांच्या रेषेत या. फ्लॅश बंद ठेवा. जनावर बुजलं तर आपण चार पावलं मागे पळू शकतो. पायाशी उभा असलेला माहूत कुठे पळणार? उभं कुठे राहायचं, हेही त्यालाच विचारा. हत्तीच्या मागून कधी जायचं नाही, हे तो सगळ्यात आधी सांगतो.

पिंजऱ्याच्या जाळीचीही हीच गत. नागपूरच्या महाराजबागेत वाघ टिपायला गेलेल्या नवशिक्याला लगेच शिकवलं जातं की लांब लेन्स लाव, ॲपर्चर पूर्ण उघड आणि वाघ जाळीपासून आत सरकेपर्यंत थांब. जाळी आपोआप विरघळते. युक्ती बिनचूक आहे. पण मग पिंजऱ्यातला वाघ आणि ताडोबातला वाघ यांच्या फोटोंत फरक तो काय राहिला? जाळी विरघळवायचीच, तर फोटोखाली जागेचं नाव तरी ठळक लिहा.

सांभाळणारा माणूस चौकटीत हवा, हे अमरावतीकरांनी तर जास्तच ध्यानात घ्यावं. पोहऱ्याचं जंगल शहराला खेटून आहे आणि बिबट आपल्याला नवीन नाही. बिबट पिंजऱ्यात सापडला की गाव लोटतं. मोबाइल गजांना भिडतात, फ्लॅश चमकतात आणि बिथरलेलं जनावर गजांवर डोकं आपटतं, सुळे मोडून घेतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2011 सालच्या बिबट-मानव संघर्षाच्या मार्गदर्शक सूचनांत गर्दी आवरण्यावर भर दिला तो यासाठीच. अशा वेळी खरा फोटो बिबट्याचा नसतोच. पिंजऱ्यावर गोणपाट टाकायला धडपडणारा आणि त्यापायी गर्दीच्या शिव्या खाणारा वनमजूर, हा खरा फोटो. तो काढायला मात्र सगळ्यांकडे पाठ करून उभं राहावं लागतं.

सांभाळणं म्हणजे काय हे बघायचं असेल, तर हत्तींच्या चोपिंगच्या दिवसांत बघावं. हिवाळ्यात वनविभागाच्या हत्तींना कामातून सुटी मिळते, सफारी बंद होते. चुलाणावर मोठ्या भांड्यात जडीबुटी उकळत असते. माहूत आणि त्याचा मदतनीस चाराकटर तो गरम लेप घेऊन हत्तीच्या पायाशी बसतात आणि तळवे, नखांच्या फटी, भेगा चोपून काढतात. बांधलेल्या हत्तीचं दुखणं बहुतेक पायांतून सुरू होतं, म्हणून हा खटाटोप. धुरामुळे फोकस धड बसत नाही, लेन्सवर वाफ धरते. पण एवढं धूड एक पाय उचलून खाली बसलेल्या माणसाच्या हातात देतं, हे दृश्य हौद्यातल्या शंभर फोटोंपेक्षा जास्त सांगतं. साखळीही तिथेच शेजारी पडलेली असते. ती चौकटीत येऊ द्या. रात्री हत्तीला चरायला सोडताना ती का बांधतात, किती लांब ठेवतात, तिने घट्टा पडतो का, हे माहुताला विचारा आणि तो सांगेल ते लिहा.

माणूस वगळल्याने काय होतं, हे आपण दरवेशांच्या बाबतीत पाहिलं आहे. वऱ्हाडात दारोदार अस्वल यायचं, माया पोरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, ताइतासाठी केस मागून घ्यायच्या. नाकातून दोर ओवलेल्या अस्वलांचे फोटो जगभर गेले. 1998 च्या अधिसूचनेने अस्वलांच्या खेळांवर बंदी आली, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. चांगलंच झालं. पण दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, त्याची चूल पुढे कशी पेटली, हे बघायला किती कॅमेरे त्याच्या पालावर गेले?

उलट उदाहरणही आहे. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी 1990 मध्ये अहमदाबादेत ग्रेट गोल्डन सर्कशीत एक फोटो काढला. रिंगमास्तर ताठ उभा आहे आणि हत्तिणीने सोंड त्याच्या गळ्यात टाकली आहे. ती माया आहे की सक्ती, याचा निवाडा मार्क करत नाहीत. पण शीर्षकात दोन्ही नावं आहेत: रामप्रकाश सिंग आणि त्याची हत्तीण श्यामा. आपल्या अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांना असंच कामगार म्हणून समोर आणलं. ते फोटो बघून नुसती कीव करून सुटता येत नाही.

नाव लिहायचं तर संमती हवी, आणि ती नीट घ्यायला हवी. आपण घट्ट्याचा फोटो टाकून घरी येतो, जाब मात्र रोजंदारीवरच्या चाराकटरला विचारला जातो. म्हणून फोटो आधी त्याला दाखवा. जखम दिसली तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला आधी कळवा, मग छापा. औषध, खुराक, साखळीची लांबी हे ठरवणारे वरचे असतील, तर दोष त्यांच्याच नावावर लिहा. माहूत नको म्हणाला, तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

आपल्याकडे हत्तिणीचं नाव बातमीत येतं, माणूस मात्र ‘माहुतासह’ एवढ्यावर आटोपतो. अमरावती-अकोल्यात वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात, स्पर्धा होतात. आयोजकांनी प्रवेशिकेत एकच अट वाढवावी. प्राणी बंदिवासातला असेल तर तसं लिहा आणि त्याच्यासोबत त्याला सांभाळणाऱ्याचंही नाव द्या, त्याची हरकत नसेल तर. दोन नावं मावत नसतील, तर फोटो लहान छापा.

– फोटूवाला