जिवाणूंच्या तटबंदीला सुरुंग

कॅथेटरवर किंवा कृत्रिम सांध्यावर जिवाणूंनी एकदा चिकट थराचे, म्हणजे बायोफिल्मचे, बस्तान बसवले की प्रतिजैविकांचा मारा बराचसा फुकट जातो.

गंमत अशी, की थर मोडणारे एक हत्यार हिरड्यांच्या रोगाशी संबंधित जिवाणूकडेच सापडले. डिस्पर्सिन-बी हे त्याचे एन्झाइम थरातली शर्करासाखळी तोडते. स्वतःला पांगायचे असते तेव्हा जिवाणू ते वापरतो. २००२ मध्ये स्यूडोमोनास या दुसऱ्या एका जिवाणूचा थर उभा राहायला पेशीबाहेरचा डीएनए लागतो, हे दिसून आले. डीएनए कापणारे एन्झाइम कोवळा थर विरघळवते, जुन्यापुढे मात्र हात टेकते.

शिवाय थर मोडला म्हणून जिवाणू मरत नाहीत. सुटून ते रक्तात पसरू शकतात. सोबत प्रतिजैविक हवेच. म्हणूनच 'बायोफिल्मनाशक' पूरक गोळ्या विकणाऱ्यांकडे नियामकांनी आधी रुग्णांवरील चाचण्यांचा पुरावा मागावा.