निघायला सांगणं आणि निघता येणं

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ हे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे सरकत होतं, तेव्हा तिथल्या टेलर काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने घर न सोडणाऱ्यांसाठी एक सूचना काढली. आपलं नाव, जन्मतारीख आणि महत्त्वाची माहिती पक्क्या शाईच्या मार्करने हातावर किंवा पायावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर ओळख पटेल आणि घरच्यांना कळवता येईल. सूचना काढणाऱ्यांची तळमळ खरी होती. निदान हे वाचून तरी माणसं हादरतील आणि निघतील, अशी त्यांना आशा असणार. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात टेकवून त्यावर स्वतःचं नाव लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर आणून बघा. वादळाची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली आहे, धोका त्याला पुरता कळलेला आहे. तरीही तो घरात आहे. असं का, हे विचारायचं सोडून आपण त्याला हट्टी म्हणतो, अडाणी म्हणतो आणि मोकळे होतो. गेल्या वीस वर्षांतल्या वादळांचा पुरावा मात्र सांगतो, की मागे राहणाऱ्यांतल्या पुष्कळांना निघणं परवडत नाही किंवा जमत नाही. सरकारने ‘निघा’ म्हणून सांगितलं, की त्याचं कर्तव्य संपलं हा समज म्हणूनच चुकीचा आहे. आदेशासोबत निघण्याची सोय जाईल, तेव्हाच तो आदेश पुरा होतो.

२००५ सालच्या ‘कॅटरिना’ने हे सगळ्यात उघडं पाडलं. लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली, पाणी अडवायला मातीचे आणि काँक्रीटचे बांध. २८ ऑगस्टला, रविवारी सकाळी महापौर रे नेगिन यांनी शहर रिकामं करण्याचा सक्तीचा आदेश काढला आणि सोमवारी सकाळी वादळ किनाऱ्याला लागलं. मध्ये पुरता एक दिवसही नव्हता. तरी शहर आणि आसपासच्या परिसरातून दहा लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. महामार्गाच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सोडल्या होत्या आणि ती व्यवस्था चांगली चालली, हे मान्य करायला हवं. पण ती चालली मोटारवाल्यांसाठी. २००० च्या जनगणनेनुसार त्या शहरातल्या दर चार घरांतल्या एकाहून अधिक घरांत गाडीच नव्हती. त्यांच्यासाठी उरलं ‘सुपरडोम’ हे स्टेडियम, आणि तिथेही काही दिवसांचं खाणंपिणं स्वतःच घेऊन या असं सांगितलेलं. वादळानंतरचं एक छायाचित्र जगभर गाजलं. त्यात शाळेच्या पिवळ्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढलेलं होतं. गाड्या होत्या. त्या कोण चालवणार, कुठून माणसं घेणार आणि कुठे नेऊन सोडणार, हे आधी ठरलेलं नव्हतं. लुइझियानात दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त वयाचे होते. एकट्या सेंट रीटाज नावाच्या वृद्धाश्रमात ३५ जण गेले.

तारीखही लक्षात घेण्यासारखी आहे. वादळ आलं महिनाअखेरीला. पेन्शन आणि सरकारी मदत मिळते ती महिना उजाडल्यावर, म्हणजे ज्यांचा संसार त्या पैशावर चालतो त्यांचे खिसे नेमके तेव्हा रिकामे होते. घर सोडायला काय लागतं, याचा हिशोब सुखवस्तू माणूस कधी मांडत नाही, कारण त्याला तो मांडावा लागत नाही. पेट्रोल भरायचं, दोनशे मैलांवर मोटेलची खोली घ्यायची, तीन-चार दिवस बाहेरचं खायचं. तासाच्या हिशोबाने मजुरी मिळते त्याचे तेवढे दिवस बुडतात, आणि दुकान बंद नसताना गेला तर नोकरी राहीलच असं नाही. घरात ऑक्सिजनवर असलेली आई असेल तर तिला कुठे न्यायचं, हा वेगळाच प्रश्न. कुत्र्यामांजरांना निवाऱ्यात घेत नाहीत म्हणून माणसंही थांबली, हे ‘कॅटरिना’त इतकं ठळकपणे दिसलं की पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेला कायदा करून आपत्कालीन योजनांत पाळीव प्राण्यांची सोय घालायला लावावी लागली. माणूस कशासाठी मागे थांबतो हे समजून घेतलं, की त्यावर कायद्याने, पैशाने उपाय काढता येतो, याचा हा स्वच्छ दाखला आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. सगळेच काही लाचार नसतात, गाडी दारात असूनही थांबणारे असतातच की! खरं आहे. ‘कॅटरिना’नंतर टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या निवाऱ्यांत पोचलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा गाडी किंवा साधन नव्हतं हे कारण ठळकपणे पुढे आलं, पण वादळ इतकं भयंकर असेल असं वाटलं नव्हतं, असं सांगणारेही पुष्कळ होते. मात्र हे ‘वाटणं’ आभाळातून पडत नाही. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ च्या ‘कॅमिल’ वादळात ज्यांचं घर टिकलं होतं, त्यांनी तीच फूटपट्टी ‘कॅटरिना’ला लावली. पाणी तेव्हा इथवर आलं नव्हतं, आता कसं येईल? ते आलं, काही ठिकाणी २८ फुटांच्या आसपास. न्यू ऑर्लिन्सवाल्यांनी तर आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘आयव्हन’साठी घरं सोडली होती. दहा-दहा तास वाहनांच्या रांगेत काढले आणि वादळ अलाबामाकडे वळलं. अशा माणसाने पुढच्या वेळी दोनदा विचार केला तर त्याला बेजबाबदार कसं म्हणायचं? निघण्याचा त्रास जितका कमी, तितका फुकट गेलेला इशाराही माणूस सहज पचवतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्यात गावकऱ्यांना दर वेळी किती पळावं लागलं, ते कुणी मोजत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सरसकट सगळ्यांना बाहेर काढणं हीच आपत्ती ठरू शकते. ‘कॅटरिना’नंतर महिना उलटायच्या आत ‘रीटा’ टेक्सासच्या दिशेने आलं. ताज्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांहून अधिक लोक एकदम रस्त्यावर आले. कडक ऊन, संपलेलं पेट्रोल, इंच इंच सरकणाऱ्या गाड्या. एका वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या बसला डॅलसजवळ आग लागली आणि २३ जण गेले. स्थलांतराच्या त्या धावपळीत शंभराहून अधिक माणसं दगावली, बहुतेक वादळ येण्याआधीच. २०१७ मध्ये ‘हार्वी’च्या वेळी ह्यूस्टन रिकामं करायचं नाही असं प्रशासनाने ठरवलं, त्यामागे ही आठवण होती. पण ‘रीटा’तून निघणारा धडा माणसं हलवू नका असा नाही. ज्यांना हलायची गरज नव्हती असे लाखो लोक रस्त्यावर आले आणि खरी गरज असलेल्यांची वाट अडली, असं तिथे झालं. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे नव्वद टक्के पाण्याने गेले, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा किनाऱ्यावर चढून येणाऱ्या समुद्राचा. वाऱ्यापासून लपता येतं, पाण्यापासून लांबच जावं लागतं. फ्लोरिडाने म्हणूनच किनारपट्टीचे ‘ए’पासून ‘ई’पर्यंत पट्टे पाडले आहेत. आपण कोणत्या पट्ट्यात येतो हे ज्याला माहीत आहे त्याला राज्याबाहेर पळायचं कारण नाही, पुष्कळदा काही मैलांवरच्या उंच, पक्क्या इमारतीत भागतं. अंतर कमी झालं की खर्च कमी होतो, आणि गरिबाच्या आवाक्यात येतो.

न्यू ऑर्लिन्सने पुढे स्वतःला बदललं. २००८ मध्ये ‘गुस्ताव’च्या वेळी गाडी नसलेल्या सुमारे अठरा हजार लोकांना बस आणि रेल्वेने सरकारी खर्चाने बाहेर नेलं. नंतर शहरात सतरा ठिकाणी पोलादी आकृत्या उभ्या राहिल्या. चौदा फूट उंच, बस थांबवायला हात वर केलेला माणूस. वादळाचा इशारा आला की इथे यायचं, इथून नेलं जाईल, हे लहान मुलालाही कळावं म्हणून. टेलर काउंटीतला नाव लिहिलेला हात आणि हा वर केलेला हात शेजारी ठेवून पाहिले, की मला काय म्हणायचं आहे ते वेगळं सांगायची गरज उरत नाही. अर्थात या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. २०२१ मध्ये ‘आयडा’ इतक्या झपाट्याने बळावलं की सक्तीच्या स्थलांतराला वेळच उरला नाही, असं तिथल्या महापौरांना सांगावं लागलं. तापलेल्या समुद्रावर वादळं अशी झपाट्याने फुगणं वाढत जाणार असेल, तर जवळचे निवारे आणि रोज तयार असलेली माणसं यांना पर्याय नाही.

एवढा खर्च कोणाला परवडतो, असं विचारणाऱ्यांनी ओडिशाकडे पाहावं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारलं, किनाऱ्यालगत शेकडो निवारे बांधले. एरवी त्यांतल्या अनेकांत शाळा भरते, त्यामुळे वाट पोरांच्या पायाखालची असते. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये दहा लाखांच्या आसपास, २०१९ च्या ‘फनी’मध्ये सुमारे बारा लाख लोक हलवले गेले. ‘फनी’त ६४ जण दगावले, त्यातला प्रत्येक मृत्यू ही जखम आहेच, पण हजारांचा आकडा दोन अंकांवर आला. बांगलादेशाने तर याआधीच सुरुवात केली होती. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेल्यावर त्या देशाने स्वयंसेवकांची फळी उभारली. आज तिथे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी जास्त मेल्या होत्या. घरातल्या बाईपर्यंत बाईनेच जाऊन सांगितलं तर ती निघते, हे त्यांनी त्यातून ओळखलं. गुरांसाठी तिथे मातीचे उंच चौथरे घातलेले असतात, त्यांना ‘किल्ला’च म्हणतात. गाय सुखरूप राहणार म्हटल्यावर शेतकरी घर सोडतो. अमेरिकेहून कितीतरी गरीब अशा या दोन मुलखांना हे जमलं, याचा अर्थ अडचण पैशाइतकीच दृष्टीची आहे.

राहता राहिला सक्तीचा मुद्दा. पोलिसांनी उचलून न्यावं, असं अनेकांना वाटतं. शेवटच्या घटकेला तेही करावं लागेल, त्याला माझा विरोध नाही. पण दंडुक्याने भरलेला निवारा पुढच्या वादळात रिकामा राहतो. आत पंखा नाही, बायकांसाठी संडास नाही, घरी परतेपर्यंत कड्या उचकटलेल्या, हा अनुभव गावभर व्हायला वेळ लागत नाही. घरांवर पहारा ठेवणं आणि परतीचा दिवस स्पष्ट सांगणं हेही स्थलांतराच्याच कामात मोडतं.

हे सगळं आपल्या किनाऱ्याला लागू होतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेही कोविडच्या टाळेबंदीत. हजारो लोकांना आधीच हलवलं होतं आणि बळींची संख्या अगदी कमी राहिली, याचं श्रेय प्रशासनाला आणि गावांना द्यायला हवं. पण तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांवरची कौलं, पत्रे उडाले. समुद्र थोडा आणखी वर चढला असता तर हिशोब वेगळा असता. कोकणातल्या कितीतरी घरांत मागे असतात ते म्हातारा-म्हातारी, आणि गाडी चालवू शकणारा मुलगा मुंबईला चाकरीत. ‘कॅटरिना’त जे गेले त्यांत याच वयाचे पुष्कळ होते. खाडीकाठच्या वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंतची पाखाडी ज्यांना एरवीही धरून धरून उतरावी लागते, त्यांना मोबाइलवरचा इशारा पोचूनही काही उपयोग नाही. त्यांना न्यायला कोणीतरी दाराशी यावं लागेल. न्यू ऑर्लिन्सला जे सहजासहजी मिळालं नाही ते आपल्याकडे आहे, ठिकठिकाणी एसटीचं आगार. वादळाच्या आदल्या दिवशी कोणती गाडी कोणत्या वाडीच्या तोंडाशी किती वाजता उभी राहणार, चालक-वाहक कोण, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरं कोणती आणि त्यांना उचलून आणायला कोण जाणार, गोठ्यातली जनावरं कोणत्या माळावर सोडायची, हे एप्रिल संपायच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नावानिशी लिहिलेलं असायला हवं.