आमदारांचा दौरा आणि ग्रामसभेची वही



पावसाळा सरला की आपल्या सातपुड्याकडे गाड्या वळतात. यंदाही वळल्या. आमदारांचे दौरे झाले, रस्त्याचे नारळ फुटले, सभामंडपाच्या पाट्या लागल्या, पाड्यावर ढोल वाजला. रस्ता तर पाहिजेच. अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून खाली उतरवायचं, हे अजून किती वर्षं चालायचं? जे काम झालं त्याला चांगलंच म्हणू. पण ज्या जमिनीवर उभं राहून आपण हार घातले, ती जमीन कागदावर कोणाची, हे कोणी विचारलं का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा आदिवासींसाठी राखीव आहेत. राज्यात २८८ पैकी अशा २५. एवढी माणसं मुंबईत आपल्या नावानं बसतात, तर आपल्या जमिनीचा जाब तिथं त्यांनीच मागायला पाहिजे.

इथं एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. काही लोक सांगत फिरतात, "साहेबांची चिठ्ठी आणा, दावा पास होतो." हे खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याच्या तीन पायऱ्या आहेत: आपली ग्रामसभा, प्रांताची उपविभागीय समिती, कलेक्टरची जिल्हा समिती. यातल्या एकाही ठिकाणी आमदाराला आमदार म्हणून खुर्ची नाही. चिठ्ठीसाठी कोणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका.

मग आमदारानं करायचं काय? विधानसभेत प्रश्न विचारायचा. आदिवासी सल्लागार परिषदेत बोलायचं. पाचव्या अनुसूचीप्रमाणे त्या परिषदेत जास्तीत जास्त २० सभासद असतात, आणि त्यातले सुमारे पाऊण आदिवासी आमदारच. तिथं ते काय बोलले, हे आपण विचारत नाही. आपण हँडपंप मागतो, ते हँडपंप देतात आणि दौरा संपतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी मुंबईला गेलेल्या मोर्चाला सरकारनं लेखी दिलं, सहा महिन्यांत दावे निकाली काढू. पुढच्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं दावा नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला. २८ फेब्रुवारीला तो थांबवला. त्या पंधरा दिवसांत आपल्याला कळलं की 'नामंजूर' या एका शब्दानं सगळं घर उठू शकतं.

म्हणून पुढच्या दौऱ्यात प्रत्येक गावानं हे तीन प्रश्न विचारावेत:

१. आपल्या तालुक्यात किती दावे नामंजूर झाले आणि किती जणांना कारण लेखी मिळालं? कारण कळवणं बंधनकारक आहे, आणि कळल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं. कागदच हातात आला नाही तर अपील करायचं कशावर?

२. चार एकर खेडणाऱ्याला दहा गुंठ्यांचा दाखला कसा? कायद्याची कमाल मर्यादा चार हेक्टर आहे. उपग्रहाच्या नकाशात शेत दिसत नाही म्हणून कमी केलं असेल, तर तो नकाशा फक्त जोडपुरावा आहे. गावच्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरला जातो.

३. दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, हे कलम ४(५) सांगतं. तरी फॉरेस्टवाले उभ्या पिकात येतात, खड्डे खणतात. याबद्दल तुम्ही कोणाला पत्र लिहिलं? नक्कल द्या.

प्रश्न तोंडी विचारून सोडू नका. ग्रामसभेच्या वहीत तारीख घाला, प्रश्न लिहा, मिळालेलं उत्तर लिहा, खाली सही घ्या. साहेब सही देत नसतील तर "सही दिली नाही" एवढंच लिहा आणि आपल्या सह्या-अंगठे करा.

आणि बायांना मागं बसवू नका. वनहक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. शेतात पहाटेपासून कोण राबतं हे गार्डलाही माहीत आहे. तेव्हा प्रश्नही बायांनी विचारावा.

दुसऱ्यांदा गाडी आली की आधी वही उघडायची, मागचं उत्तर मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, "साहेब, याचं पुढं काय झालं?" नारळ त्याच्यानंतर फोडू.

जिंदाबाद!